अहिराणी ओव्या आणि पोर्ट ४४३

ही धुळ्यातली खोली. वर पत्रा, उन्हाळ्यात दुपारी इथं बसवत नाही, आणि कोपऱ्यात टेबलफॅनसमोर ठेवलाय तो आमचा सर्व्हर. जात्यावरच्या अहिराणी ओव्या, लग्नातली गाणी, श्रावणातली कानबाईची गाणी, गावोगाव फिरून रेकॉर्ड केलेलं सगळं यातच आहे.

आता ही स्क्रीन नीट बघा. एका लॅपटॉपवरून दुसऱ्याला नेट दिलंय. दुसऱ्यावर आमची एक पोरगी लॉगिन करतेय आणि पहिल्यावर वायरशार्क, म्हणजे नेटवरून जाणारी माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर, चालूय. तो बघा पासवर्ड, टाइप केला तसाच, अक्षर न् अक्षर. साध्या एचटीटीपीवर, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर उघड्यावर बोलतात तिथं, मधे बसलेला कुणीही हे वाचू शकतो, पान बदलूही शकतो. आमच्या पानावर एकदा जाहिरात उगवली होती, आम्ही टाकलीच नव्हती! उद्या कुणी ओवी गाणाऱ्या बाईचं नावच पुसलं तर?

क्रोम जुलै २०१८ पासून अशा साइटला असुरक्षित म्हणतंय. यावर उपाय एचटीटीपीएस, तेच बोलणं पण कुलूपबंद. त्याला साइटची ओळख पटवणारं सर्टिफिकेट लागतं, त्याला पैसे लागतात म्हणून आम्ही बसून राहिलो, आणि लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था तर डिसेंबर २०१५ पासून फुकट देतंय.

ही रात्र, लाइट आत्ताच आलीय. सर्टिफिकेट आणून बसवणाऱ्या सर्टबॉट या प्रोग्रॅमची कमांड दिली. लेट्स एन्क्रिप्टकडून एक टोकन, म्हणजे खुणेचा मजकूर, येतं, ते सर्व्हरवर ठरलेल्या जागी ठेवलं जातं, मग त्यांचे सर्व्हर पोर्ट ८० वर, म्हणजे आमच्या सर्व्हरच्या साध्या एचटीटीपीच्या दारावर, येऊन ते तपासतात, म्हणजे डोमेन आपल्याच ताब्यात आहे हे त्यांना कळतं. सर्टिफिकेट आलं! त्याची प्रायव्हेट की, म्हणजे गुप्त किल्ली, मात्र याच खोलीत राहते, कुणालाच द्यायची नाही. मग ८० वर येणाऱ्या सगळ्यांना ४४३ कडे, म्हणजे एचटीटीपीएसच्या दाराकडे, वळवलं, आणि टीएलएस, म्हणजे हे कुलूप लावायची पद्धत, तिच्या १.० आणि १.१ या जुन्या आवृत्त्या बंद केल्या, त्या २०२१ मधेच बाद झाल्यात.

खरा वेळ खाल्ला ऑडिओनं. फाइली दुसऱ्या मशीनवर, तिला सर्टिफिकेट नाही, आणि सुरक्षित पानावर ब्राउझर असुरक्षित ऑडिओ चालू देत नाही, त्यामुळं पान उघडतंय पण ओवी वाजतच नाही, म्हणून तिथंही तेच सगळं परत केलं आणि जुन्या लिंका एकेक करून बदलल्या, पहाट झाली. सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं, ३० उरले की सर्टबॉट आपोआप नवं आणतो. एका कॉलेजचं जुनं सॉफ्टवेअर आमची यादी खेचायचं तेवढं बंद पडलं, ते बघायचंय.

हे शिंदखेडा तालुक्यातलं गाव. ओवी गाणाऱ्या आजीसमोर नातवाच्या मोबाइलवर तिचीच ओवी लागलीय. ती विचारते,

"हाऊ मन्हा आवाज शे का?"

नातू आवाज वाढवतो.