रफार नेमका कधी द्यायचा?

(कोल्हापुरात शिक्षक आणि पालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मागच्यांना ऐकू येतंय ना? पत्रिकेत विषय छापलाय, 'अध्ययन अक्षम विद्यार्थ्यांसाठी संगणकाधारित लेखनशिक्षण'. एवढं लांबलचक नाव वाचूनही तुम्ही आलात, म्हणजे एक तर घरात असं लेकरू आहे, नाहीतर शाळेनं पाठवलंय. शाळेनं पाठवलेल्यांनी हजेरीच्या कागदावर सही करून घ्या, म्हणजे जीव शांत होईल.

डिसलेक्सिया म्हणजे वाचताना अडखळणं, डिसग्राफिया म्हणजे लिहिताना; याहून जास्त इथं परत उगाळत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस झाले, त्यात ही मुलं आली. आपल्या बोर्डाच्या सवलती तर त्याच्याही आधीपासून आहेत. जादा वेळ मिळतो, मुलानं सांगायचं आणि दुसऱ्यानं पेपर लिहायचा असा लेखनिक मिळतो. माझं भांडण या लेखनिकापाशी सुरू होतं. त्याच्यामुळं पोरगं पास होतं, चांगलंच आहे. पण लिहायला कुठं शिकतं? शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं तेव्हा मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या बापाला दंड ठेवला होता. आता बाप पाठवतोय, शाळाही घेतेय, आणि वहीत लाल शाईचा दंड पोरगं भरतंय.

माझ्याकडं सातवीतला एक मुलगा येतो. खासबागेतलं कुस्तीचं मैदान बघून आला आणि मला सांगायला लागला. कुणी पट काढला, कुणी धोबीपछाड मारली, पंचांचं कुठं चुकलं, शेजारचे आजोबा कुणावर ओरडले, सगळं. मी म्हटलं, हेच लिही बाळा. लिहिलं काय? 'मी कुस्ती बगितली. खूप गदी होती. मजा आली.' त्यातली 'गदी' खोडलेली, वर 'गरदी', तीही खोडलेली, बाजूला 'र्गदी'. त्या एका शब्दावर कागदाला भोक पडलं होतं. पट गेला, पंच गेले, आजोबा गेले. का गेले? सगळी ताकद त्या रफारात खर्च झाली.

म्हटलं, याला संगणकावर बसवू. आता ही गोष्ट जरा लांबते, पण ऐका. त्याच्या शाळेत गेले. शाळेचं नाव विचारू नका, इथल्या दोघा-तिघांना कळलेलंच आहे. संगणक कक्षाला कुलूप. किल्ली शिपाईमामांकडं, शिपाईमामा गडहिंग्लजला लग्नाला. परत गेले. किल्ली मिळाली, तर चपला बाहेर काढा. काढल्या. आत सगळे संगणक प्लास्टिकच्या झाकणाखाली, धूळ झाकणावर नाही, झाकणाच्या आत! मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, संगणकाचा तास बुधवारी. तुमचा विषय मराठी. मराठीला संगणक कशाला?" मी म्हटलं, सर, तुमचं परिपत्रक टाईप होतं ते कशात? तर म्हणाले, "ते ऑफिसात होतं." यावर काय बोलणार!

शेवटी एक यंत्र सुरू झालं. त्यावर मराठी कसं? इंग्रजी अक्षरं दाबायची, मराठी उमटतं. पोरानं जी, ए, आर, डी, आय असं एकेक शोधून दाबलं. पडद्यावर आलं 'गार्डी'. तो माझ्याकडं बघून म्हणाला, "मॅडम, हे पण माझ्यासारखंच लिहितंय की!" मराठीत अडखळणाऱ्या लेकराला मराठी लिहायला इंग्रजी स्पेलिंग विचारायचं, म्हणजे गंगावेशीतनं रंकाळ्याला जायचं असेल तर आधी सांगलीला जाऊन या म्हणण्यातला प्रकार.

उपाय त्याच यंत्रात होता. इनस्क्रिप्ट. भारतीय मानक ब्युरोनं १९९१ सालीच प्रमाण केलेला कळफलक. विंडोजमध्ये असतोच, भाषेच्या सेटिंगमध्ये जाऊन फक्त चालू करायचा. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजवीकडं बहुतेक व्यंजनं. क च्याच कळीवर शिफ्ट दाबली की ख, ग वर घ, त वर थ. आता 'गर्दी' घ्या. हातानं लिहिताना ग, मग द, मग दुसरी वेलांटी, आणि हे सगळं झाल्यावर वरून रफार. बोलताना मात्र र हा द च्या आधी येतो. तोंड एका क्रमानं चालतं, हात दुसऱ्या. तुम्हाआम्हाला सवय झाली, पण या मुलाला प्रत्येक वेळी ते जुळवावं लागतं. इनस्क्रिप्टवर काय दाबायचं? ग, र, हलन्त म्हणजे पाय मोडायची कळ, द, ी. कानाला येईल तसं. रफार डोक्यावर चढवणं यंत्राचं काम. पहिल्या वेलांटीचंही तेच, आधी अक्षर, मग वेलांटी. जुन्या टाईपरायटरवर वेलांटी आधी मारावी लागायची, इथं टायपिंग क्लासवाले कुणी असतील तर मान डोलावतील. बघा, डोलावली!

चिठ्ठी आली. दहा मिनिटं राहिलीत, त्यात सत्कारही आहे. म्हणजे पत्रिकेतला विषय आता पाच मिनिटांत.

संगणक दिला म्हणजे लेखन सुधारतं, असं नाही. चार्ल्स मॅकआर्थर आणि स्टीव्ह ग्रॅहम यांनी १९८७ साली अमेरिकेत पाचवी-सहावीतल्या अध्ययन अक्षम मुलांकडून तीन तऱ्हांनी गोष्टी लिहून घेतल्या: हातानं, संगणकावर, आणि तोंडी सांगून. तोंडी सांगितलेल्या गोष्टी मोठ्या आणि सरस निघाल्या. हात आणि संगणक यांत मात्र फारसा फरक नाही. टायपिंगही हातापेक्षा सावकाश. म्हणून आधी बोटं बसवा. रोज थोडा वेळ, आठवडे लागतील, त्या काळात निबंध मागू नका.

मग आराखडा. आधी काय, मग काय, शेवटी काय, एवढं मुलाला तोंडी विचारा आणि त्याचे शब्द पडद्यावर मुद्दे म्हणून टाका. त्यांची वाक्यं त्यानं करायची, तुम्ही नाही. मग दुरुस्ती, आणि संगणकाचा खरा उपयोग इथं. वहीत दुरुस्ती म्हणजे सगळं परत उतरवणं, त्या शिक्षेपायी मूल दुरुस्तीच टाळतं. इथं मध्ये वाक्य घुसवता येतं. पण ते कुठं घुसवायचं हे शिकवावं लागतं, नाहीतर संगणकानं चुकीचे म्हणून खाली लाल रेघ मारलेले शब्द बदलून पोरगं मोकळं. मी एकच प्रश्न विचारते, "इथं मला दिसलं नाही, काय झालं?" त्या मुलानं ओरडणारे आजोबा तिथं परत आणले. शुद्धलेखन सगळ्यात शेवटी, आणि संगणकाकडून मजकूर मोठ्यानं वाचून घेऊन. डोळ्यांतून सुटलेलं कानाला सापडतं.

बोलून टाईप करणं मराठीत २०१७ पासून गुगलवर आहे. जरूर वापरा, पण विरामचिन्हं तपासायला लागतात, आणि आमचं 'गेल्तो', म्हणजे 'गेलो होतो', त्याला पचत नाही. 'गेला तो' लिहून मोकळं होतं, मग कोण गेला म्हणून पोरगं मलाच विचारतं.

पालकांनो, पहिला मसुदा पुसू नका. फाईलला तारीख देऊन वेगळी ठेवा, पुढच्या पालकसभेत पहिला आणि शेवटचा असे दोन्ही मसुदे छापून बाईंसमोर मांडा. इनस्क्रिप्टचे छापील तक्ते दारापाशी आहेत, जाताना घेऊन जा. आणि लेखनिकाचा अर्ज कसा भरायचा ते मला विचारू नका, त्यासाठी शाळेचे क्लार्कसाहेब आहेत.