थेंबाचा मणी होताना

बीकरमध्ये कॅल्शियम क्लोराईडचे द्रावण संथपणे ढवळले जात आहे आणि काही सेंटिमीटर उंचीवर धरलेल्या सुईतून सोडियम अल्जिनेटचे थेंब त्यात एकामागून एक पडत आहेत. द्रावणात शिरताच थेंबाभोवती कवच धरते आणि क्षणभरात त्याचा मऊ, गोल मणी होतो. औषध भरलेले ‘सूक्ष्म’ मणी घडवण्याच्या या कामाला उष्णता लागत नाही, सेंद्रिय द्रावकही लागत नाही.

अल्जिनेट तपकिरी समुद्रशैवालांपासून मिळते. ब्रिटिश रसायनतज्ज्ञ एडवर्ड स्टॅनफर्ड यांनी १८८१ मध्ये त्याची नोंद केली. या शैवालांपैकी सार्गासम मालवण-रत्नागिरीच्या खडकाळ किनाऱ्यावरही वाढते. अल्जिनेटच्या साखळीत मॅन्युरोनिक आणि ग्युलुरोनिक आम्लाचे घटक असतात. ग्युलुरोनिक घटकांच्या पट्ट्यांमधील खाचांत कॅल्शियमचे आयन, खोक्यात अंडी बसावीत तसे, जाऊन बसतात आणि शेजारच्या साखळ्यांना एकमेकींशी जखडतात.

मण्यांत भरण्यासाठी आपण घेतलेले औषध डायक्लोफेनॅक सोडियम हे वेदनाशामक आहे. जठराला त्रास देणारे हे औषध आतड्यापर्यंत पोहोचवून तेथे सावकाश सुटावे, असा येथे हेतू आहे. दोन टक्के अल्जिनेटच्या द्रावणात ते एकसारखे मिसळल्यावर मिश्रण काही काळ तसेच ठेवतात, कारण त्यात अडकलेले हवेचे बुडबुडे मण्यांत उतरले तर मणी पोकळ होऊन तरंगू लागतात. मिश्रण फार दाट असेल तर थेंबाला शेपटी फुटते, फार पातळ असेल तर तो द्रावणावर आपटून चपटा होतो. सिरिंजमधून पडलेले हे मणी दोन-तीन मिलिमीटरचे असतात, म्हणजे काटेकोरपणे पाहता त्यांना ‘सूक्ष्म’ म्हणणे थोडे उदारच. खरोखर बारीक मण्यांसाठी कंपन पावणारी नळी किंवा विद्युतदाबाने थेंब तोडणारे उपकरण वापरावे लागते.

मणी घडवणे सोपे, त्यात औषध टिकवणे मात्र कठीण. जे द्रावण मण्याला घट्ट करते, तेच त्यातील औषध बाहेर ओढतही असते. मधुमेहावरील मेटफॉर्मिनसारखे पाण्यात सहज विरघळणारे औषध घेतले, तर मणी जितका वेळ द्रावणात राहील तितके ते बाहेर झिरपत जाते. लवकर बाहेर काढावा, तर गाभा कच्चा राहतो. म्हणून गाळून, धुऊन आणि साधारण ४० अंश सेल्सिअसला वाळवल्यानंतर मण्यांत प्रत्यक्ष किती औषध उरले, हे मोजल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

अखेरची कसोटी डिसोल्युशन यंत्रात, म्हणजे औषध किती वेगाने विरघळून बाहेर येते ते तपासणाऱ्या यंत्रात, ३७ अंशांवर होते. जठरासारख्या, १.२ सामू असलेल्या आम्लात मण्यातील बरेचसे कॅल्शियम निघून जाते, तरी मागे उरणारे अल्जिनिक आम्ल अविद्राव्य असल्याने मणी विरघळत नाही, आणि डायक्लोफेनॅकही आम्लात जेमतेमच विरघळते. तेच मणी आतड्यासारख्या, ६.८ सामूच्या फॉस्फेट द्रावणात टाकल्यावर चित्र पालटते. द्रावणातील सोडियम उरलेल्या कॅल्शियमची जागा घेतो, फॉस्फेट सुटलेल्या कॅल्शियमला बांधून ठेवतो, मणी फुगतो, झिजतो आणि ठरावीक वेळाने काढलेल्या प्रत्येक नमुन्यात यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटरवरील (शोषल्या गेलेल्या अतिनील प्रकाशावरून औषधाचे प्रमाण सांगणाऱ्या उपकरणावरील) आकडा वाढत जातो.