सलग तीन होल: गोल्फच्या मैदानांवरचा सगळ्यात भारी पट्टा कोणता?

नमस्कार मंडळी. आज टेबलावर क्लब नाही, चेंडू नाही, हा टॉवेल आहे. जवळ धरतो, बघा. उभ्या तीन घड्या आणि वरच्या कोपऱ्यात धातूची कडी. आंघोळीला हा पुरायचा नाही. हा गोल्फ टॉवेल. खेळाडूच्या बॅगेला टांगलेला असतो, चेंडूवरची माती आणि क्लबच्या खाचांत अडकलेलं गवत याने पुसतात.

सोलापूरची चादर सगळ्यांच्या घरात असते. पण इथल्या यंत्रमागांवर टेरी टॉवेलही निघतो आणि जहाजाने परदेशी जातो. मी शहराच्या पूर्व भागातल्या अशाच एका कारखान्यात डिझाइन बघतो. २०१६ साली आमच्याकडे या टॉवेलची ऑर्डर आली. ही कडी कशाला, घडी तीनच का, हे कळावं म्हणून मी पहिल्यांदा गोल्फ बघायला बसलो. एप्रिल होता. सोलापूरचा एप्रिल तुम्हाला माहीत आहे, गच्चीवर पाणी मारून अंथरूण टाकलं तरी फरशी मध्यरात्रीपर्यंत धग सोडत नाही. झोप येत नव्हती. अमेरिकेत रविवारी दुपारी रंगणारी मास्टर्स स्पर्धा आपल्याकडे सोमवारी पहाटे साडेचारच्या आसपास संपते. त्या रात्री जे पाहिलं, त्याने मला या खेळाला बांधून टाकलं. काय पाहिलं, ते सांगतोच.

आधी आजचा वाद मांडतो. मैदानावर १८ होल. एक होल म्हणजे पहिल्या फटक्यापासून चेंडू खड्ड्यात पडेपर्यंतचा टप्पा. प्रत्येक होलला 'पार' ठरलेला, म्हणजे चांगल्या खेळाडूने तो किती फटक्यांत संपवावा तो आकडा: तीन, चार किंवा पाच. एकेकट्या होलची यादी कुणीही करेल. मला विचारायचंय ते वेगळं: एकामागोमाग एक येणाऱ्या होल्सचा सगळ्यात उत्तम पट्टा कोणता?

आणि इथे मला हा टॉवेल लागतो. टॉवेलवर हे जे मऊ लूप दिसतात, ते कसे उठतात माहीत आहे? आडवा धागा एक जातो, फणी त्याला अर्ध्यावरच ठोकते, घट्ट बसवत नाही. दुसरा जातो, तोही तसाच सैल. तिसरा धागा जातो, आणि आता फणी पूर्ण जोराने येते. तीनही धागे एकदम पुढे सरकतात, आणि सैल सोडलेला उभा धागा वर उसळून लूप होतो. पहिले दोन ठोके नसतील तर तिसऱ्यात कितीही जोर लावा, कापड सपाटच राहतं.

माझी कसोटी हीच. पट्ट्यातला प्रत्येक होल सुंदर आहे का, हा प्रश्न नाही. पहिल्या दोघांनी तिसऱ्यासाठी काही सैल सोडलंय का? आधीचा होल खेळला नसता, तर पुढचा असाच भिडला असता का?

आता ऑगस्टा, मास्टर्स जिथे होते ते अमेरिकेतलं मैदान. होल ११, १२, १३. आमेन कॉर्नर. हे नाव १९५८ साली हर्बर्ट वॉरन विंड या लेखकाने दिलं, अर्नोल्ड पामरने त्या वर्षी मास्टर्स जिंकली तेव्हा. विंड यांच्या हिशेबात पूर्ण तीन होल नव्हते: अकराव्याचा दुसरा फटका, सगळा बारावा, आणि तेराव्याचा पहिला फटका. मैदानाचा हा सगळ्यात सखल कोपरा, झाडांनी वेढलेला, आणि रेज क्रीक नावाचा ओढा तिथून वाहतो.

बारावा होल फक्त १५५ यार्डांचा. पार तीन. टेलिव्हिजनवर बघताना वाटतं, यात काय आहे? पण ग्रीन, म्हणजे खड्ड्याभोवतीची बारीक कापलेली हिरवळ, तिरकं बसवलंय. डावी बाजू जवळ, उजवी लांब, आणि पुढे ओढा. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा फटका जरा फसला की चेंडू उजवीकडे आणि आखूड जातो, म्हणजे नेमका पाण्याकडे. वरून वारा झाडांत फिरतो. अकराव्याच्या खड्ड्यातला झेंडा एकीकडे आणि शेजारच्या बाराव्याचा दुसरीकडे फडकतोय, असंही दिसतं.

तर २०१६ ची ती रात्र. जॉर्डन स्पीथ, २२ वर्षांचा, आदल्या वर्षीचा विजेता. ९ होल झाले तेव्हा पाच फटक्यांनी पुढे. दहाव्यावर बोगी, म्हणजे पारपेक्षा एक जास्त. अकराव्यावर बोगी. मग बारावा. पहिला चेंडू काठाला लागून पाण्यात. दंड घेऊन पुन्हा मारला, तो त्याहून आखूड, पुन्हा पाण्यात. पुढचा ग्रीनमागच्या वाळूत. पार तीनच्या होलवर सात. तीन होल्समध्ये सहा फटके गेले, आणि विजेत्याचा हिरवा कोट शेवटी डॅनी विलेटने घातला. मी गच्चीवर उठून बसलो होतो. मला नियम नीट कळत नव्हते, पण दोन सैल ठोके आणि तिसरा घट्ट ठोका मला ओळखू आला. ते मी रोज बघतो.

तीन वर्षांनी, २०१९ ला, याच बाराव्यावर शेवटच्या दिवशी मोलिनारी, फिनाऊ, केपका आणि पोल्टर, चौघांचे चेंडू पाण्यात गेले. टायगर वुड्सने झेंड्याचा मोह सोडून चेंडू ग्रीनच्या डाव्या, सुरक्षित भागात टाकला, होल पारमध्ये संपवला आणि स्पर्धा जिंकली. त्या दिवशी त्याने बाराव्यावर जे केलं नाही, तेच मला मोठं वाटतं.

आता एक गोष्ट, जी मला फार महत्त्वाची वाटते. १९३४ साली पहिली स्पर्धा झाली तेव्हा मैदानाचे दोन अर्धे उलटे खेळले गेले होते. आजचे ११, १२, १३ तेव्हा २, ३, ४ होते! पुढच्या वर्षी अदलाबदल झाली. ओढा तोच, ग्रीन तिथेच. पण विचार करा, वाखरीचा मुक्काम आळंदीच्या दुसऱ्याच दिवशी आला असता तर? माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव पायाखालून गेल्यावर जी वाखरी येते, तिचं वजन मागच्या वाटेतून येतं. बाराव्या होलचं वजनही मागच्या ११ होल्सचं आहे.

तरी माझा पहिला क्रमांक आमेन कॉर्नरला नाही. तीनही होल ग्रीनपाशी एकच भीती दाखवतात, पाणी. अकराव्यावर डावीकडे तळं, बाराव्यावर पुढे ओढा, तेराव्यावर पुन्हा पुढे ओढा. तेरावा पार पाचचा आहे आणि दोन फटक्यांत ग्रीन गाठायचा मोह घालतो, ती गंमत वेगळी. २०२३ ला तो वाढवून ५४५ यार्डांचा केला. पण खरं सांगायचं तर बारावा एकटा इतका जबरदस्त आहे की शेजारचे दोन त्याच्या उजेडात चमकतात. शिवाय कित्येक वर्षं प्रक्षेपणात मुख्यतः शेवटचे ९ होलच दिसायचे. जे डोळ्यांसमोर सारखं येतं, ते आपल्याला श्रेष्ठ वाटायला लागतं.

स्कॉटलंडला जाऊ. सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स. १७६४ साली इथे २२ होल्सचे १८ झाले, आणि पुढे जगाने तोच आकडा घेतला. इथे समुद्राच्या टोकाशी ७ ते ११ असा वळसा आहे, त्याला लूपच म्हणतात. टॉवेलवाल्याला हे नाव आवडणारच. सातव्याची आणि अकराव्याची वाट एकमेकींना छेदते. दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्या सोलापुरात मधल्या मारुतीपाशी झेंडूचं पोतं घेऊन येणारा आणि खरेदी करून परतणारा एकमेकांना जशी वाट देतात, तसं तिथे थांबावं लागतं. सात ग्रीन्स जोडीची आहेत, एकाच हिरवळीवर दोन झेंडे, जाणाऱ्यांचा आणि परतणाऱ्यांचा. आणि जोडीच्या होल्सची बेरीज दर वेळी १८ भरते: २ आणि १६, ७ आणि ११, ८ आणि १०. अकराव्यावर १९२१ च्या ओपनमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या मोठ्या स्पर्धेत, १९ वर्षांचा बॉबी जोन्स वाळूत असा अडकला की त्याने चेंडू उचलला आणि खेळ सोडला. त्याच जोन्सने पुढे ऑगस्टा उभं केलं. हा पट्टा मला जिवाभावाचा वाटतो. पण त्यात नववा आणि दहावा साधे, सपाट. ठोका सैलच राहतो.

आमच्या खात्यातले जॉबर अण्णा इथे मला अडवतात. माग दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली, आणि आता माझ्यासोबत गोल्फही बघतात. त्यांचं मत स्कॉटलंडचंच कार्नूस्टी. १६, १७, १८. "मालक, किनार कच्ची असली तर टॉवेल पहिल्या धुण्यात उसवतो. शेवट बघा शेवट." त्यांच्या बाजूने पुरावे भक्कम आहेत. सोळावा पार तीनचा, पण जवळजवळ २५० यार्डांचा. १९७५ ला टॉम वॉटसनने तिथे ओपन जिंकली, आणि प्लेऑफ, म्हणजे बरोबरी झाल्यावरचा जादा खेळ, धरून पाच वेळा सोळावा खेळून एकदाही तो पारमध्ये संपवू शकला नाही. पुढे सतराव्या आणि अठराव्यावर बॅरी बर्न ओढा नागमोडी आडवा येत राहतो. १९९९ ला ज्याँ व्हान द व्हेल्डे शेवटच्या होलवर तीन फटक्यांनी पुढे होता. सहा लागले असते तरी जिंकला असता. पँट दुमडून, बूट काढून तो ओढ्यात उतरला, चेंडू तिथून मारावा का म्हणून. सात लागले. प्लेऑफमध्ये पॉल लॉरी जिंकला. अण्णांना मी एवढंच म्हणतो: ही परीक्षा आहे, अवघड आहे, पण तीनही प्रश्न एकाच विषयाचे आहेत.

आता सायप्रस पॉइंट. कॅलिफोर्निया, १९२८, ॲलिस्टर मॅकेन्झी. तेच मॅकेन्झी, ज्यांनी जोन्ससोबत ऑगस्टा आखलं. १५, १६, १७, तीनही पॅसिफिक महासागराच्या कड्यावर. पंधरावा पार तीन, सोळावाही पार तीन. लागोपाठ दोन पार तीन देऊ नयेत असा आखणी करणाऱ्यांचा शिरस्ता असतो. मॅकेन्झींनी तो मोडला, आणि त्याचं श्रेय एका बाईंना दिलं. मॅरियन हॉलिन्स. १९२१ ची अमेरिकी महिला अमॅच्युअर विजेती, आणि या मैदानाचं काम पुढे रेटणारी. आधीचे आखणीकार सेथ रेनर त्यांना म्हणाले, समुद्र ओलांडून एका फटक्यात पलीकडे पोचणं जमणारं नाही, पार तीन इथे होत नाही. हॉलिन्स यांनी चेंडू ठेवला आणि पलीकडे मारून दाखवला. जिथे चेंडू पडला, तिथेच ग्रीन झालं. मॅकेन्झींनी हे स्वतः लिहून ठेवलंय. दोनशेहून जास्त यार्ड, खाली लाटा, हातात त्या काळचा लाकडी क्लब! जगातला सगळ्यात देखणा पट्टा कोणता असं विचारलं असतंत, तर मी इथेच थांबलो असतो. २०२५ ला तिथे वॉकर कप ही हौशी खेळाडूंची स्पर्धा झाली, तिचे सोळाव्याचे फटके शोधून बघाच.

पण माझं मत शेजारच्या मैदानाला. पेबल बीच. जॅक नेव्हिल आणि डग्लस ग्रँट, १९१९. लोक ४ ते १० असा अख्खा पट्टा सांगतात. पूर्वी तर तो अखंडही नव्हता. किनाऱ्याचा एक तुकडा खासगी मालकीचा, म्हणून पाचवा होल आत वळायचा. १९९८ ला गोल्फमधला दिग्गज जॅक निकलॉसने किनाऱ्यावर नवा पाचवा बांधला तेव्हा धागा जोडला गेला. मी मात्र तीनच घेतो: ६, ७, ८.

सहावा, पार पाच. पहिला फटका खाली, दुसरा समोरच्या कड्यावर चढवायचा, वरचं नीट दिसत नाही. लांब मारायची सवय शरीरात भिनते. ठोका पहिला, सैल. मग सातवा: १०६ यार्ड, म्हणजे ९७ मीटर. क्रिकेटमध्ये एवढा षटकार गेला की पडद्यावर मीटर लिहून दाखवतात, तेवढंच अंतर. उतारावर, समोर चिमुकलं ग्रीन, मागे समुद्र. आत्ताच जिवाच्या आकांताने मारणाऱ्या हाताने आता अलगद मारायचं. वारा नसेल तर सोपा. १९९२ च्या यूएस ओपनच्या शेवटच्या दिवशी मात्र असं वादळी वारं होतं की भले भले ग्रीन चुकवत होते. टॉम काइटचाही चेंडू ग्रीनबाहेर गवतात पडला, आणि तिथून त्याने थेट होलात घातला. त्या दिवशी तो जिंकला. ठोका दुसरा, अजून सैल.

मग आठवा. पहिला फटका चढावर, पलीकडचं काही दिसत नाही. चालत वर जायचं, आणि पायाखालची जमीन संपते. समोर खोल घळ, खाली समुद्र, पलीकडे ग्रीन. इथला दुसरा फटका निकलॉसचा सगळ्या गोल्फमधला सगळ्यात आवडता. लांब, अलगद, आणि आता लांबही आणि अचूकही. वर, खाली, आरपार. पाच, तीन, चार. प्रत्येक होल आधीच्याने लावलेली सवय मोडतो. फणी इथे पूर्ण जोराने येते. नववा आणि दहावाही मोठेच, पण उजवीकडे समुद्र आणि पार चार हे दोनदा परत येतं, म्हणून माझा पट्टा आठव्यावर तुटतो.

मी यातल्या एकाही मैदानावर पाय ठेवलेला नाही. पुण्यात एकदा ९ होल चाललो, तेवढंच. पण हा कागद बघा.

(कॅमेऱ्यासमोर आलेखाचा कागद धरतो)

जकार्डचं, म्हणजे कापडातच नक्षी विणणाऱ्या मागाचं डिझाइन आहे. डावीकडून सहावा चढतो, हा उतरता ठिपका सातवा, आणि इथे पांढरी सोडलेली जागा ती आठव्याची घळ. तिथे लूप उठवलेलेच नाहीत, कापड सपाट ठेवलंय, बोट फिरवलं की खड्डा लागेल. अण्णांनी अजून माग मोकळा करून दिलेला नाही. म्हणतात, आधी कार्नूस्टीचा काढ. तुमचे तीन होल कोणते ते लिहा, आणि त्यातला घट्ट ठोका कोणता तेही लिहा. अण्णांना वाचून दाखवतो.