पेटी बंद ठेवून

(दृश्य : सकाळचा वर्ग. सतरंजीवर बसलेले विद्यार्थी, दोन तानपुरे, खिडकीत कूलर, कोपऱ्यात झाकण लावलेली पेटी (हार्मोनियम).)

लिहिलेले स्वर न ऐकता वाचून गायला शिकवणाऱ्या एका वर्गावरचा हा माहितीपट आहे. नागपुरातल्या एका महाविद्यालयाच्या संगीत विभागातली ही खोली आहे, आणि समोर दिसणारा तानपुरा अजून लागलेला नाही. तो लागेपर्यंत दुसरे काहीही सुरू होणार नाही, कारण तानपुरा लावणे हाच इथल्या तासाचा पहिला धडा आहे. पहिली तार मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातल्या, पंचमाला, मधल्या दोन तारांची जोड मध्य षड्जाला (सा) आणि शेवटची जाड तार खर्जाला, म्हणजे खालच्या षड्जाला, हा क्रम पदवीच्या पहिल्या वर्षाला आलेल्या मुलांना तोंडपाठ असतो. मात्र ती तार खरोखर त्या स्वराला आली की नाही, हे ठरवताना त्यांची नजर सवयीने पेटीकडे किंवा मोबाइलकडे जाते. या तासाला मोबाइल बॅगेत असतात आणि पेटीवर कोणी हात ठेवायचा नाही, असा मॅडमचा दंडक आहे.

(दृश्य : खुंटी पिळणारा हात. मणी. घोडीवरचा दोरा, अगदी जवळून.)

खुंटी पिळून स्वर जवळ आणायचा, भोपळ्यावरच्या तारेत ओवलेला मणी सरकवून तो नेमका करायचा आणि घोडीवर तारेखाली असलेला सुती दोरा केसभर पुढेमागे करत जवारी, म्हणजे तारेची गुंजणारी झार, मोकळी करायची. हे काम घाईने होत नाही आणि आम्ही ते चित्रीकरणातही घाईने उरकलेले नाही. दोरा योग्य जागी आला की तारेचा आवाज एकदम रुंद होतो आणि खर्जाच्या तारेतून, कोणी न छेडता, वरच्या बाजूला गांधार ऐकू येऊ लागतो. त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. तारेच्या मूळ कंपनसंख्येच्या पाचपट असलेला तो उपस्वर आहे, म्हणून तो त्याच्या लगेच खालच्या, म्हणजे मूळच्या चौपट असलेल्या, षड्जाशी पाचास चार या प्रमाणात बसतो. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक पेट्यांचा शुद्ध गांधार या प्रमाणात नसतो. सप्तकाचे बारा सारखे भाग पाडून त्या लावलेल्या असतात. त्यातल्या एका भागाचे आणखी १०० अंश केले, तर पेटीचा गांधार तानपुऱ्याच्या गांधारापेक्षा सुमारे १४ अंश चढा येतो. पंचमाच्या बाबतीत हा फरक जेमतेम २ अंशांचा असल्याने तो सहसा जाणवत नाही. पेटीवर वाढलेल्या कानाला पंचम नीट लागतो आणि गांधार चढतो, त्यामागे हे साधे गणित आहे.

पेटी वाईट वाद्य आहे, असे इथे कोणी म्हणत नाही. संगत करताना तिच्याइतके सोयीचे दुसरे काही नाही. अडचण अशी की ती विद्यार्थ्याला प्रत्येक स्वर तयार करून देते, आणि आयता मिळालेला स्वर मनात आधी ऐकावा लागत नाही.

(दृश्य : खिडकीतला कूलर. मॅडम हाताने खूण करतात, सर्व जण कान देतात.)

कूलर बंद का केला नाही, असा प्रश्न पाहणाऱ्याला पडेल. ज्यांनी नागपूरचा मे महिना पाहिला आहे, ते तो विचारणार नाहीत. पारा ४५ अंशांच्या आसपास असताना कूलरशिवाय तास होत नाही, आणि कूलरच्या ओल्या हवेने तानपुऱ्याचा सूर हलतो, म्हणून तो तासात दोनदा तरी पुन्हा लावावा लागतो. मॅडमनी मात्र कूलरलाही कामाला लावले आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने मोटारीची घरघर १०० हर्ट्झच्या जवळ असते, आणि खालच्या सप्तकातली पांढरी पाच, म्हणजे पेटीची पाचवी पांढरी पट्टी, ९८ हर्ट्झची. ‘कूलर कोणत्या पट्टीत आहे?’ या प्रश्नाला ‘पांढरी पाचच्या किंचित वर’ हे उत्तर मागच्या रांगेतून आले, तेव्हा आमचे ध्वनिमुद्रक, जे इतका वेळ त्या घरघरीवर वैतागले होते, ते हसले.

(दृश्य : डोळे मिटलेले चेहरे. वह्यांवर पेन्सिली.)

आता कानाचा सराव सुरू होतो. मॅडम स्वरांची नावे न घेता नुसत्या ‘आ’ या उच्चारात दोन स्वर गातात आणि विद्यार्थी ते वहीत लिहितात. सा-प आणि सा-म ही अंतरे लवकर ओळखता येतात. रे आणि ग यांच्या कोमल-शुद्ध जोड्यांत गोंधळ होतो, आणि तीव्र मध्यमाला पंचम समजण्याची चूक या वर्गातही सर्रास दिसते. दोनाचे तीन स्वर होतात, तीनाचे चार. सा रे ग म हे चार स्वर, एकही पुन्हा न घेता, २४ तऱ्हांनी मांडता येतात. पूर्ण सप्तक घेतले तर ही संख्या ५०४० होते. तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ या ग्रंथात खंडमेरूच्या रूपाने हा हिशोब मांडला आहे, आणि ख्याल गायकीत तो मेरुखंड या नावाने आला. इथे ५०४० पर्यंत कोणालाच जायचे नाही. २४ पलट्यांपैकी कोणताही एक ऐकून तो लिहिता यावा आणि लिहिलेला पाहून गाता यावा, एवढेच पहिल्या सत्राचे उद्दिष्ट आहे.

(दृश्य : फळ्यावर खडूने लिहिली जाणारी स्वरलिपी.)

फळ्यावर जी लिपी उमटते आहे, ती विष्णु नारायण भातखंडे यांची. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ, मंद्र सप्तकासाठी खाली आणि तार सप्तकासाठी वर टिंब, एका मात्रेत बसणाऱ्या स्वरांना खालून जोडणारा कंस, समेला (तालाच्या पहिल्या मात्रेला) फुली आणि ‘खाली’ला (टाळी नसलेल्या मात्रेला) शून्य. भातखंडे १८६० साली जन्मले, पेशाने वकील झाले आणि पुढे देशभर हिंडून, उस्तादांपुढे बसून त्यांनी बंदिशी लिहून घेतल्या. मूळ मराठीत निघालेल्या त्यांच्या क्रमिक पुस्तकमालिकेचे सहा भाग प्रत्येक संगीत विभागाच्या कपाटात असतात. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि स्वतःची वेगळी स्वरलिपी वापरली. त्याच परंपरेतले शंकरराव सप्रे नागपुरात श्रीराम संगीत विद्यालय चालवत, आणि वसंतराव देशपांडे व सी. रामचंद्र हे दोघेही तिथे शिकले. ज्या गावात शंभर वर्षांपासून स्वरलिपी शिकवली जाते, तिथल्या पदवीच्या विद्यार्थ्याला छापील बंदीश वाचण्यासाठी आधी तिची ध्वनिफीत शोधावी लागते, ही गोष्ट आम्हांला बोचली, आणि हा माहितीपट त्यातूनच निघाला आहे.

(दृश्य : वर्गाचे दोन भाग. एका बाजूला मुलगे, दुसऱ्या बाजूला मुली, प्रत्येकाजवळ एक तानपुरा.)

मुलग्यांचा तानपुरा काळी एकला आणि मुलींचा काळी चारला लावलेला आहे. फळ्यावरची ओळ एकच, पण ती दोन वेगळ्या षड्जांवर, आळीपाळीने गायली जाते. आपल्या पद्धतीत षड्ज गायकाबरोबर सरकतो, त्यामुळे वाचणाऱ्याला स्वराची उंची लक्षात ठेवावी लागत नाही, षड्जापासूनचे अंतर ओळखावे लागते. युरोपात या विषयाचा वेगळा इतिहास आहे. अकराव्या शतकात इटलीतल्या ग्विदो दारेत्सो या ख्रिस्ती भिक्षूने गायकांना न ऐकलेली भजने वाचून गाता यावीत, म्हणून स्वरांना अक्षरे दिली. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन कर्वेन यांनी सरकत्या ‘डो’ची पद्धत शाळाशाळांत पोहोचवली, तर फ्रान्समध्ये ‘डो’ एकाच जागी बांधलेला राहिला. या वर्गातला एक मुलगा गिटारच्या विलायती परीक्षांची तयारी करतो. तिथे आयत्या वेळी दिलेले वाचून वाजवावे लागते आणि कानाचीही चाचणी असते. आपल्या प्रात्यक्षिकात असे काही नसते, याचे त्याला नवल वाटते.

(दृश्य : एक विद्यार्थिनी उभी राहून फळ्यावरची ओळ गाते. हातावर ताल.)

ओळ सोळा मात्रांची आहे आणि ती आधी कोणी पाहिलेली नाही. दहाव्या मात्रेवर गांधारावरून थेट कोमल निषादावर उडी आहे. विद्यार्थिनी तिथे थांबते, हातावरचा ताल मात्र थांबू देत नाही. मॅडम तिला तो स्वर गाऊन दाखवत नाहीत. मधले म, प, ध मनातल्या मनात चढून जा आणि फक्त शेवटची पायरी तोंडाने उच्चार, असे त्या सांगतात. दुसऱ्या आवर्तनात निषाद शुद्ध येतो, तिसऱ्यात तो जागेवर बसतो. सुरात आणि तालात एकाच वेळी वाचण्याची ही सवय रोज पंधरा मिनिटांनी लागते, पण वर्षात चार कार्यशाळा घेऊन लागत नाही, हे आमचे मत आहे आणि या खोलीत ते पक्के झाले.

पाठ केलेल्या बंदिशीवर आणि तयार तानांवर गुण मिळत असतील, तर विद्यार्थी पाठांतरच करणार. प्रात्यक्षिक परीक्षेत न पाहिलेल्या दोन ओळी द्याव्यात, दोन मिनिटे द्यावीत आणि तानपुऱ्यावर त्या गाऊन घ्याव्यात. यासाठी खर्च काहीच नाही. या वर्गातून बाहेर पडलेली मुले शाळांत शिकवतात, साथीला बसतात, काही जण विशारदच्या परीक्षेला बसतात, आणि न ऐकलेले वाचता येण्याची गरज तिथे पडते.

(दृश्य : फळ्यावर नवी ओळ. सा, रे, ग, प, ध.)

शेवटच्या दहा मिनिटांत मॅडम पाच स्वरांची एक ओळ लिहितात आणि न गाता विचारतात, की हा राग कोणता. बहुतेक जण भूप म्हणतात. भूप आणि देशकार यांचे स्वर तेच पाच असल्याने, नुसती नावे मोजणाऱ्याला दुसरे उत्तर सुचत नाही. मागे बसलेली एक मुलगी ओळ मनात गाऊन पाहते, मग हात वर करते.

‘मॅडम, देशकार. तुम्ही दोन्ही वेळा धैवतावर थांबलात, आणि सगळी ओळ वरच्याच अंगाला आहे.’

‘भूप करायचा असेल तर काय बदलशील?’

‘गांधारावर थांबेन.’

‘मग ये, खडू घे. आधी लिही, आणि मग वाचून दाखव.’