फुलीची सही

श्रोतेहो, नमस्कार.

इंग्लंडच्या खेड्यातलं आपलं घराणं शोधायला बसलेल्या माणसाला एक शब्द हटकून भेटतो : ‘अ‍ॅग लॅब’. म्हणजे शेतमजूर. १८४१च्या जनगणनेत शिरगणती करणाऱ्यांना पूर्ण शब्द लिहायचा कंटाळा येणार, हे सरकारनंच ओळखलं आणि असं आखूड लिहायला मुभा दिली. मग डॉर्सेटमधलं, नाहीतर नॉरफोकमधलं पान उघडा, घरामागून घर तेच. वयाचीही तीच तऱ्हा. पंधरा वर्षांवरच्यांचं वय पाचाच्या पटीत खाली आणायचं, असा नियम. एकोणचाळीस वर्षांची बाई कागदावर पस्तिशीची! तिची काही तक्रार नसावी.

त्याच्या मागे जायचं तर चर्चची दप्तरं. बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या नोंदी ठेवा, असा हुकूम १५३८ साली निघाला. १७५४पासून लग्नाच्या नोंदीखाली नवरा-नवरीनं सही करायची. लिहिता येत नसेल तर फुली. आपल्याकडे महजरावर पाटील नांगराची निशाणी करायचा. इथे पाद्री फुलीभोवती लिहायचा, ‘अमकीची निशाणी’. कधी फुली ठसठशीत, कधी शाईचा फराटा. आयुष्यात लेखणी एकदाच हाती धरलेल्या बाईचा तो हात. मला तरी ही फुली जमीनदाराच्या संगमरवरी थडग्यापेक्षा जास्त बोलकी वाटते. गरिबाला दगड कुठून मिळणार? लाकडी खूण दोन-चार दशकांत कुजून जायची.

पण गंमत अशी, की गरिबाची खरी हकिकत सापडते ती त्याला हाकलायला निघालेल्यांच्या कागदात. १६६२च्या कायद्यानं प्रत्येक माणूस कुठल्या तरी एका पॅरिशचा, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या गावाचा ठरला. तो उपाशी पडला तर पोसायचं त्याच गावानं, पट्टी गोळा करून. त्यामुळे परका मजूर अडचणीत आला, की त्याला न्यायाधीशांपुढे उभं करत : जन्म कुठला? चाकरी कुणाकडे, किती दिवस? मजुरी काय? वर्षभर सलग चाकरी केली की त्या गावचा हक्क लागायचा. म्हणून धूर्त शेतकरी गडी ठेवायचे एक्कावन्न आठवड्यांच्या बोलीनं! लग्नाविना गरोदर राहिलेल्या बाईला तर बाळंत होण्याआधी शिवेपलीकडे पोचवण्याची घाई, कारण मूल जिथे जन्मेल त्या गावच्या गळ्यात. अशा जबान्यांचे कागद आता कौंटीच्या दप्तरखान्यात जपलेत. पणतूच्या पणतूला आजोबांच्या तोंडची हकिकत मिळते ती या उलटतपासणीमुळे. खर्च वाचवायला निघालेल्यांनी नकळत घराण्याचा इतिहास लिहून ठेवला.

कधी एखादा मुलगा गावातून नाहीसाच होतो. बाप्तिस्मा आहे, पुढे लग्न नाही, दफन नाही. मग लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत बघायचं. मुंबई इलाख्यातल्या पाद्र्यांनी आपल्या नोंदींच्या नकला दरसाल तिकडे पाठवल्या, त्या तिथे आहेत. शेतमजुराचा पोरगा कंपनीच्या पलटणीत शिरला, जहाजानं मुंबईला उतरला आणि तापानं गेला, तर त्याचं नाव, वय आणि पुरल्याची तारीख गावच्या दप्तरात कुणी लिहिलेली नसते. ती त्या नकलेत, पुणे नाहीतर खडकी छावणीच्या पानावर असते.

नमस्कार.