रुईचं पान उलटून पाहा

श्रोतेहो, नमस्कार.

वैशाख लागला की आपल्या सोलापुरात सकाळी नऊलाच ऊन चटके देतं. म्हणून मी साडेसहाला निघते नि आठाच्या आत घरी येते. कधी कंबर तलावाच्या काठानं, कधी नान्नजच्या माळानं. "या उन्हात कसली आलीत फुलं?" शेजारच्या मावशी विचारतात. आहेत हो मावशी!

गवताची काडी झालेली असते, पण भुईरिंगणी मातीला बिलगून, स्वतःच्याच काट्यांत जांभळी फुलं उघडून बसलेली असते. नेपतीला पान औषधालाही नाही, फुलं मात्र लाल. तरवड पिवळाजर्द.

माझा जीव मात्र रुईवर. शनिवारी मारुतीला जिच्या पानांची माळ घालतो, तीच ही रुई. तिचं पान हळूच उलटून पाहा. चीक तेवढा डोळ्यांत जाऊ देऊ नका. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, पिवळ्या ठिपक्यांची अळी दिसेल, पाठीवर काळ्या तंतूंच्या तीन जोड्या. हिचंच पुढं प्लेन टायगर नावाचं फुलपाखरू होतं, नारिंगी पंखांचं. रुईतलं विष ती अंगात साठवते, म्हणून पक्षी सहसा त्याच्या वाटेला जात नाहीत आणि ते निवांत उडतं. डॅनेड एगफ्लाय या दुसऱ्या फुलपाखराची मादी हुबेहूब तसाच वेश घेते, अंगात ते विष नसताना! तिच्या अळ्या घोळ खातात, आपण भाजी करतो तीच घोळ. नर पाहाल तर काळाभोर, पंखांवर मोठे पांढरे ठिपके, त्यांना निळी-जांभळी झाक.

मागच्या आठवड्यात वाटेवरची रुईची चार झुडपं साफसफाईत मुळासकट गेली. त्यातल्या एकावर आदल्याच दिवशी मी कोश पाहिला होता, फिकट हिरवा, वर सोन्याचे बारीक ठिपके. फार जिवाला लागलं. तुमच्या कुंपणाशी रुई उगवली असेल, तर कृपा करून राहू द्या. तिला तण म्हणू नका.

परवा मावशींनी हाक मारली. कुंडीतल्या कढीपत्त्यावर पाखराची शिट पडल्यासारखं काहीतरी होतं, आणि ते हलत होतं. लिंबाच्या फुलपाखराची लहानगी अळी! आता ती फांदी सोडून मावशी फोडणीसाठी दुसऱ्या फांदीचा पाला तोडतात.