हातातला घास

श्रोतेहो, नमस्कार.

नाशिकरोडला आमच्या घरी रात्रीचे पान साडेआठला वाढले जाते. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, नोटा छापणाऱ्या प्रेसमध्ये नोकरीला होते. आयुष्यभर पाळ्यांच्या वेळा सांभाळल्यामुळे निवृत्तीनंतर त्यांनी जेवणाची एकच वेळ धरली आणि ती आजवर मोडलेली नाही. 2008 च्या पावसाळ्यात, जुलैच्या 28 तारखेला, नेमक्या याच वेळेला 'तारक मेहता का उल्टा चष्मा' ही हिंदी मालिका सुरू झाली आणि पुढची आठ-नऊ वर्षे आमच्या घरातले जेवण आणि ती मालिका यांना कोणी वेगळे करू शकले नाही. "तारक मेहता लागलं का?" हा प्रश्न आमच्याकडे "पानं घेतली का?" या अर्थानेच विचारला जाई.

अण्णा रात्री दुधात भाकरी कुस्करून खातात. मालिकेत काही गमतीचे घडू लागले की त्यांचा हात ताट आणि तोंड यांच्या मध्येच थांबायचा, नजर पडद्यावर खिळायची, आधी खांदे हलायचे आणि मग बऱ्याच वेळाने आवाज यायचा. तोवर दुधाचा थेंब बोटांवरून मनगटावर आणि मनगटावरून कोपराकडे ओघळत जायचा. आई रोज न चुकता त्यांच्या मांडीवर पंचा टाकून मगच स्वतः जेवायला बसायची. आज मला जे सांगायचे आहे, ते या थांबणाऱ्या हाताविषयीच आहे.

गोरेगावच्या पावडर गल्लीत वसवलेल्या गोकुलधाम सोसायटीतली ही माणसे आम्हा नाशिककरांना परकी का वाटली नाहीत, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. आमच्या शेजारी एक गुजराती कुटुंब राहते. त्यांचे भांडी बाजारात दुकान आहे. त्या घरातल्या आजोबांनी मला पहिल्यांदा सांगितले की, हा सगळा खेळ मुळात कागदावरचा आहे. तारक मेहता यांनी 1971 पासून 'चित्रलेखा' या गुजराती साप्ताहिकात 'दुनिया ने ऊंधा चश्मा' हे सदर चालवले आणि त्यांच्या घरी ते मोठ्याने वाचले जाई. जेठालाल, त्याची बायको दया, वडील चंपकलाल आणि मुलगा टप्पू ही त्यांच्यासाठी फार जुनी ओळखीची माणसे होती. आमच्यासाठी मात्र या सोसायटीचे दार उघडले ते आत्माराम भिडे मास्तरांनी. शिकवण्या घेणारे, एकेका रुपयाचा हिशेब ठेवणारे, सोसायटीच्या फळ्यावर रोज सुविचार लिहिणारे, आपल्या स्कूटरला सखाराम म्हणून जीव लावणारे भिडे मास्तर आणि लोणची-पापडांचा घरगुती उद्योग करणाऱ्या त्यांच्या पत्नी माधवी ही माणसे नाशिकच्या कोणत्याही जुन्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर सापडतील. हिंदी पडद्यावरच्या मराठी माणसाला बहुतेक वेळा घरगड्याचे किंवा हवालदाराचे काम मिळते. इथे तो शिक्षक होता, सचिव होता, हट्टी होता आणि त्याच्या हट्टाला किंमत होती. अण्णांना याचे फार समाधान होते.

या मालिकेचा विनोद कसा चालायचा, हे दया आणि तिच्या आईच्या फोनवरून चांगले समजते. दयाची आई अहमदाबादेत असते आणि तिचा चेहरा आम्ही कधीही पाहिला नाही. ती फोनवर जावयाविषयी काय बोलते, तेही आपल्याला ऐकू येत नाही. आपल्याला दिसते ती फक्त कानाला फोन लावून उभी असलेली दया, तिच्या चेहऱ्यावरचा निरागस आनंद, आणि सासूबाईंनी बहाल केलेले एखादे नवे विशेषण तिच्याच तोंडून ऐकताना आतल्या आत जळणारा जेठालाल. न दिसणाऱ्या माणसावर दोन दिसणाऱ्या माणसांनी उभा केलेला हा प्रसंग आम्ही शेकडो वेळा पाहिला असेल आणि तरीही दिशा वकानी आणि दिलीप जोशी यांनी तो कधी शिळा होऊ दिला नाही. आपल्याला दयाचा स्वभाव ठाऊक होता, जेठालालचाही ठाऊक होता. आज हे दोघे एकमेकांसमोर नेमके कसे येतात एवढेच पाहायचे असायचे. ओळखीच्या माणसाने ओळखीचेच काहीतरी नव्या तऱ्हेने केले की जे हसू येते, ते घरच्यासारखे हसू असते आणि त्यासाठी कुणाला खाली पाडावे लागत नाही, कुणाच्या अंगावर पाणी ओतावे लागत नाही.

2017 हे साल मला या मालिकेच्या दृष्टीने दुखरे वाटते. त्या वर्षाच्या मार्चमध्ये स्वतः तारक मेहता वारले. टप्पूचे काम करणारा भव्य गांधी बाहेर पडला. सप्टेंबरनंतर दिशा वकानी बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि दया म्हणून कायमच्या परतल्या नाहीत. पुढच्या वर्षी जुलैमध्ये डॉक्टर हाथींचे काम करणारे कवी कुमार आझाद गेले आणि 2021 च्या ऑक्टोबरमध्ये जेठालालच्या दुकानातले नट्टू काका, म्हणजे घनश्याम नायक गेले. यात दोष कुणाला द्यायचा? माणसे मोठी होतात, आई होतात, थकतात आणि जातात. माझा मुलगा चौथीत असताना टप्पूच्या खोड्यांवर लोळून हसत असे. तो बारावीला गेला, तेव्हा पडद्यावरची मुलेही मिसरूड फुटलेली होती आणि दहा वर्षांच्या पोराने सोसायटीच्या काचा फोडण्यात जी गंमत असते ती अठराव्या वर्षी उरत नाही. हे सगळे आम्ही समजून घेतले होते. नट्टू काका गेल्याचे कळले त्या रात्री अण्णांनी टीव्ही लावूच दिला नाही.

समजून घेता आले नाही ते वेगळेच. दया माहेरी गेली आहे, हे ठीक होते. पण ती येणार, आता येणार, या दिवाळीला येणार, असे कथानकातून पुन्हा पुन्हा सांगितले जाऊ लागले. सोसायटी सजायची, जेठालाल दारात उभा राहायचा, दिवे लागायचे, आणि शेवटी ती यायचीच नाही. 2023 च्या दिवाळीच्या सुमारासही हेच झाले आणि तेव्हा पुष्कळ प्रेक्षकांनी उघड नाराजी व्यक्त केली. ज्या मालिकेने न दिसणाऱ्या आईवर इतका सुरेख विनोद उभा केला होता, तिला न दिसणाऱ्या दयावर मात्र काहीच उभे करता आले नाही, कारण फोन घेऊन उभी राहणारी दयाच तिथे नव्हती. उरले ते नुसते वाट पाहणे. आई त्या दिवाळीत म्हणाली, "पोर येणार म्हणून रांगोळी काढून ठेवायची आणि मग हसायला लावायचं, हे बरं नाही." लेकी-सुनांची खरोखर वाट पाहिलेल्या बाईचे ते बोलणे होते आणि मला ते आजही पटते.

दुसरी गोष्ट म्हणजे पाणी घालून वाढवलेली आमटी. एखाद्या पात्राने एक वाक्य बोलायचे आणि मग कॅमेऱ्याने जमलेल्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर जायचे, प्रत्येक चेहऱ्याबरोबर एक आवाज वाजवायचा आणि एवढ्यात जाहिराती यायच्या. एका बैठकीत संपावी अशी गोष्ट आठवडाभर चालायची. पत्रकार पोपटलालचे लग्न पहिल्यांदा मोडले तेव्हा आम्ही मनापासून हळहळलो होतो. पुढे पुढे मुलगी दाखवली की माझा मुलगा ती कधी आणि कशामुळे निघून जाईल हे आधीच सांगायचा आणि बहुतेक वेळा ते बरोबर यायचे.

पण याकडे हिशेबाच्या नजरेने पाहिले की लिहिणाऱ्यांविषयी कणवही वाटते. साप्ताहिकातल्या सदराला वर्षाला 52 लेख पुरतात. आठवड्याचे पाच दिवस चालणाऱ्या मालिकेला वर्षाला अडीचशेच्या आसपास भाग लागतात. या मालिकेने 4000 भागांचा टप्पा ओलांडला आहे. एका भागाची 20 मिनिटे धरली तरी 80,000 मिनिटे होतात, म्हणजे दिवसरात्र न थांबता पाहत बसले तर 55 दिवस लागतील. इतका विनोद कोणत्या लेखकाच्या झोळीत असतो? 'फॉल्टी टॉवर्स' या गाजलेल्या इंग्रजी विनोदी मालिकेचे 1975 आणि 1979 मिळून अवघे 12 भाग झाले. आपल्याकडची 'साराभाई व्हर्सेस साराभाई' 2004 ते 2006 या काळात सुमारे 70 भागांत थांबली आणि तिचे संवाद लोक अजून एकमेकांना ऐकवतात. या दोन्ही मालिका थांबल्या तेव्हा पाहणाऱ्यांची भूक शिल्लक होती, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

आमची गोडी कोणत्या दिवशी गेली, हे मला सांगता येणार नाही. तसा दिवस नसतोच. आधी जाहिरातीत आवाज बंद करणारे आम्ही, मालिका चालू असताना वीजबिलाविषयी बोलू लागलो. मुलगा ताट घेऊन आपल्या खोलीत जाऊ लागला. मी मात्र बराच काळ मालिकेची बाजू घेत राहिले, बहीण फोनवर म्हणायची, "अजून पाहता तुम्ही ते?" आणि मला एखाद्या आप्ताविषयी कुणी वावगे बोलल्यासारखे व्हायचे. मग एका रात्री माझ्या लक्षात आले की अण्णांच्या मांडीवर पंचा नाही. आईला विचारले, तर ती म्हणाली, "कशाला? हल्ली सांडत नाही काही." तिने तो कधी टाकायचा सोडला होता, हे मला कळलेही नव्हते. अण्णा पडद्याकडे पाहत होते, हात ताटातून तोंडाकडे आणि तोंडाकडून ताटाकडे एका लयीत चालला होता. जेवण झाले, त्यांनी हात धुतला आणि ते उठून गेले. मालिका तशीच चालू राहिली.

मला तेव्हा वाटले की वयाचा परिणाम असेल. म्हाताऱ्या माणसाला कमी हसू येत असेल, आपणही कंटाळलो असू, विनोदाची आवड बदलत असेल. हा समज 2020 ने दूर केला. मार्चमध्ये टाळेबंदी लागली, चित्रीकरण थांबले आणि वाहिनीवर जुने भाग पुन्हा दाखवले जाऊ लागले. जेलरोडवर रात्री चिटपाखरू नसे, घराघरांत काळजी होती, आमच्याच इमारतीत दोन घरे बंद करून ठेवलेली होती. अशा दिवसांत एका रात्री जुना भाग लागला, दयाने फोन उचलला, आणि अण्णांचा हात थांबला. दुधाचा थेंब कोपरापर्यंत गेला आणि सदऱ्याच्या बाहीत जिरला. पाठ असलेला प्रसंग होता, पुढे काय होणार ते आम्हा सगळ्यांना माहीत होते, तरी सगळे हसलो. आवड होती तिथेच होती. जुलैत चित्रीकरण सुरू होऊन नवे भाग आले आणि पंधरा दिवसांत पंचा पुन्हा कपाटात गेला.

श्रोतेहो, नाशिकच्या आपल्या कालिदास कलामंदिरात मी लहानपणापासून नाटके पाहत आले आहे. विनोदी नाटकातल्या नटाला प्रेक्षक त्याच क्षणी उत्तर देतात. ज्या वाक्याला हशा येत नाही ते वाक्य पुढच्या प्रयोगात आखडते घेतले जाते, कधी गळून जाते. कसलेला नट हशा ओसरेपर्यंत थांबतो आणि मगच पुढचे वाक्य टाकतो. रोजच्या मालिकेला असा कान नाही. तिच्यासाठी निवडक घरांमध्ये मीटर बसवलेले असतात आणि त्या घरात कोणती वाहिनी किती वेळ चालू होती आणि ती कोण पाहत होते, एवढेच त्यातून समजते. समजा असा मीटर आमच्या घरी असता, तर ज्या रात्री आम्ही वीजबिलाविषयी बोलत होतो आणि अण्णा मुकाट्याने जेवत होते, त्याही रात्रीची नोंद चार माणसांनी मालिका पाहिली अशीच झाली असती. थांबलेला घास मोजणारे यंत्र नाही आणि म्हणून आमच्यासारख्या हजारो घरांतून हसू निघून गेल्याचे कोणाला वेळेवर कळण्याची सोय नव्हती, असे मला वाटते. दिलीप जोशींसारखा ताकदीचा नट आजही तिथे उभा आहे, याचे म्हणूनच जास्त वाईट वाटते.

आता आमच्याकडे जेवताना टीव्ही बंद असतो. मुलगा पुण्याला नोकरीला आहे. मागच्या दिवाळीत तो आला होता, तेव्हा त्याने मोबाईलवर दहा-बारा वर्षांपूर्वीचा एक भाग शोधून काढला आणि मोबाईल फुलपात्राला टेकवून अण्णांच्या पानासमोर उभा केला. पडदा लहान, आवाज बारीक. अण्णा पुढे वाकून पाहू लागले. भिडे मास्तर जिन्यातून उतरत होते आणि जेठालाल त्यांना टाळायला पाहत होता. अण्णांनी घास उचलला. आईने एकदा त्यांच्याकडे पाहिले, आपले ताट बाजूला सारले आणि ती पंचा आणायला उठली.